आमच्याकडे तसं नसतं

बस्त्याव सरांच्या शर्टाच्या खिशात कायम पासपोर्ट असायचा. पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, पाकिटाला काळी दोरी, आणि ती दोरी नीट गुंडाळून मागे खोचलेली. सरांचे सगळे शर्ट पांढरे आणि सगळ्यांचा डावा खिसा खाली ओघळलेला. शाळेत, जिदहफ्सच्या बाजारात, शुक्रवारी चर्चमध्ये, सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात कुणा आजाऱ्याला बघायला जाताना, कुठेही जावोत, पासपोर्ट बरोबर. आम्ही स्टाफरूममध्ये चेष्टा करायचो. "सर, आत्ता आलात की आत्ता निघालात?" सर खिशावर हात ठेवायचे आणि नुसतं "आहे" म्हणायचे.

बहारीनमध्ये रोजच्या कामाला पासपोर्ट लागत नाही, सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, सगळीकडे चालतं. हे सरांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, कारण ते इथे बावीस वर्षं होते. मी तो त्यांचा विक्षिप्तपणा समजून सोडून दिला होता. एकटा माणूस, साठीला आलेला, वसईला बहिणीखेरीज कुणी नाही; अशा माणसाला काहीतरी खूळ असायचंच, असं मला वाटायचं. आता तो खिसा आठवला की मला माझ्याच घरात बसवत नाही.

आमच्या शाळेत अभ्यासक्रम अमेरिकेचा, मुलं पंधरा-वीस देशांची, गणिताला पुण्याची मी आणि अमेरिकेच्या इतिहासाला वसईचे सर. या मिसळीचं इथे कुणाला नवल वाटत नाही. सरांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत प्लायवूडची. मी इकडे वर्गसमीकरणं शिकवायची आणि तिकडून सरांचा संथ, खालच्या पट्टीतला आवाज यायचा. पाच वर्षांत अमेरिकेचा अर्धा इतिहास मी भिंतीतून शिकले.

सर पेपर हिरव्या शाईनं तपासायचे. एखाद्या मुलानं लिहिलं, की अमेरिकेत गुलामांना फार वाईट वागवत, तर ते वाक्य चूक म्हणून खोडायचे नाहीत. बाजूला हिरव्या शाईत तीन प्रश्न लिहायचे : कुठे? कधी? कुणाकडे? मुलं वैतागायची. ती सवय त्यांना वर्गाबाहेरही होती. स्टाफरूममध्ये कुणी "हे अरब लोक असेच" किंवा "मल्याळी सगळे तसेच" म्हणून सुरुवात केली, की सर फ्लास्कच्या झाकणातला बिनसाखरेचा चहा पीत शांतपणे विचारायचे, "कुठे? कुणाकडे?" बोलणारा विषय बदलायचा. कधीकधी उठून जायचा. सरांना जेवायला बोलावणारी घरं त्यामुळेच कमी होती, आणि त्यातलं एक आमचं.

दर वर्षी नववीच्या वर्गात सर एक धडा पाच दिवस चालवायचे. रविवारी टेबलावर चार वस्तू मांडायचे. काकवीची बाटली, मूठभर गहू, तंबाखूचं एक वाळकं पान आणि वसईहून आणलेलं भात, सालासकट. तंबाखूच्या पानावरून त्यांना एकदा प्रिन्सिपलनं बोलावलं होतं. पण पान पुढच्या वर्षीही होतंच. मग सर सांगायचे, की या चार वस्तू म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातल्या अमेरिकेचे चार मुलूख. काकवी म्हणजे उत्तरेची बंदरं, बोस्टनकडची. गहू म्हणजे न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया. तंबाखू म्हणजे व्हर्जिनिया, आणि भात म्हणजे दक्षिणेची दलदल, कॅरोलायना. चारही ठिकाणी गुलाम होते. कुठे कसं, एवढं थोडक्यात सांगून झालं की विचारायचे, "समजा, तुमचा जन्म गुलाम म्हणूनच व्हायचा आहे. कुठे जन्माल?"

मुलं भराभर हात वर करायची. बहुतेक सगळी काकवीकडे जायची. तिथे एका घरात एकच गुलाम, फार तर दोन. मालकाच्याच स्वयंपाकघरात जेवायचं, त्याच्याच छपराखाली झोपायचं, त्याच्याच चर्चला जायचं. शेतात राबणं नाही, चाबूक घेऊन मागे उभा असलेला मुकादम नाही. सर एकेकाचं नाव फळ्यावर त्या त्या मुलुखाखाली लिहायचे आणि म्हणायचे, "बरं. ही नावं गुरुवारपर्यंत पुसायची नाहीत."

त्या वर्षी माझी मुलगी इरा त्यांच्या वर्गात होती. तिनंही काकवीच घेतली.

सोमवारी सरांनी काकवीवाल्यांचं पुढे काय झालं ते सांगितलं. घरात तू एकटाच, सबंध गल्लीत तुझ्यासारखा दुसरा नाही. माळ्यावर किंवा चुलीपाशी झोपायचं. मालक तुला गुलाम म्हणत नाही, नोकर म्हणतो, घरचाच म्हणतो. तुला मूल झालं तर या घरात त्याचा काही उपयोग नाही, अडगळ होते, म्हणून ते दूध सुटलं की कुणाला तरी देऊन टाकतात. मंगळवारी गहू. नवरा एका घरी, बायको दुसऱ्या घरी, आणि न्यू यॉर्कच्या रस्त्यावर चौघं एकत्र उभे राहिले तरी गुन्हा. बुधवारी तंबाखू. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत रांगेत काम. पण बायकामुलं जवळ, आणि मालकाला प्रत्येकाचं नाव माहीत. तो स्वतःला सगळ्यांचा बाप म्हणवतो. मग एक दिवस तो मरतो आणि त्याच्या मुलामुलींत भांडीकुंडी वाटतात तशी ही माणसं वाटली जातात. गुरुवारी भात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, ताप, पोरं-म्हातारी पटापट मरायची. पण तिथे रोजचं काम नेमून दिलेलं. एवढा तुकडा संपवला की उरलेला दिवस तुझा. स्वतःची भाजी लाव, स्वतःच्या भाषेत बोल. मालक तापाच्या दिवसांत शहरात पळालेला. आणि भात कसं पिकवायचं हे मालकाला कुठे माहीत होतं, ते यांनीच आफ्रिकेतून डोक्यात घालून आणलेलं.

तेवढ्यात एका मुलानं विचारलं, की सर, मग सगळ्यात वाईट कुठे होतं? माझ्या वर्गात त्या वेळी चाचणी चालू होती, त्यामुळे भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू आला.

"ते मालकांना विचारू," सर म्हणाले. "बोस्टनचा मालक म्हणायचा, ती दलदल बघा. आमचा माणूस आमच्या चुलीपाशी जेवतो, आमच्याकडे तसं नसतं. व्हर्जिनियाचा म्हणायचा, आमच्याकडे तसं नसतं, आमच्या माणसांना बायकापोरं आहेत. कॅरोलायनाचा म्हणायचा, आमची माणसं दुपारी घरी जातात, आमच्याकडे तसं नसतं. आणि सगळे खरं बोलत होते. फरक होतेच. आपण पाच दिवस तेच शिकलो. फक्त प्रत्येकाला आपापला फरक पुरत होता." मग म्हणाले, "आता चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारा. जायचं म्हटलं तर जाता येत होतं का?"

मग एका मुलीनं भीत भीत विचारलं, की इथल्या घरकामाच्या बायकांचंही तसंच का? सरांचा आवाज मी पहिल्यांदा जरा चढलेला ऐकला. "नाही. त्यांना पगार आहे, करार आहे, कायदा आहे. त्यांचं मूल कुणाच्या मालकीचं नाही. हा शब्द इतका स्वस्त करू नका. ज्यांनी ते भोगलं त्यांच्यासाठी तो ठेवा." आणि मग पुन्हा नेहमीच्या पट्टीत, "प्रश्न मात्र कुठेही विचारता येतो."

मला सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला राग आला होता. दोन पालकांनीही तक्रार केली. कोऑर्डिनेटरनं मला चहाच्या वेळी सहज विचारलं, की तुमची मुलगी त्या वर्गात आहे, तुमचं काय मत? मी म्हणाले, "शिकवतात छान, पण जरा जास्तच होतं." एवढंच म्हणाले. सरांचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं आणि ते पुढे वाढवलं गेलं नाही. माझ्या एका वाक्यानं काही झालं नसेल असं शिरीष म्हणतो. शिरीष माझा नवरा, बँकेत आहे, सगळ्या गोष्टींची जोखीम त्याला नीट मोजता येते.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. सुमन आमच्याकडे राहायला होती, माझ्या सासूबाईंच्या साताऱ्याकडच्या गावची, चाळीस-बेचाळीसची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावी भाऊ आणि म्हातारी आई. चार वर्षांपूर्वी आम्हीच तिला व्हिसा काढून आणलं. विमानतळावर ती बाहेर आली तेव्हा पासपोर्ट तिनं दोन्ही हातांत छातीशी धरला होता. मी म्हणाले, "दे इकडे, हरवेल तुझ्याकडून." तिनं दिला. घरी आल्यावर मी तो कपाटाच्या लॉकरमध्ये माझ्या पाटल्यांच्या डब्याखाली ठेवला, आमच्या तिघांच्या पासपोर्टशेजारी.

सनाबिसच्या आमच्या घरी सुमनला स्वतंत्र खोली होती, एसी होता, ती आमच्याबरोबर टेबलावर जेवायची. इरा तिला मावशी म्हणायची. शेजारपाजारच्या बायका मोलकरणींबद्दल बोलायला लागल्या की मी अभिमानानं सांगायची, आमच्याकडे तसं नसतं. अगदी याच शब्दांत.

सर शुक्रवारी चर्चहून थेट आमच्याकडे जेवायला यायचे. आमचं घर शाकाहारी, म्हणून ते कागदाच्या पुडीत सुके बोंबील आणायचे. ते आमच्यासाठी नसायचे, सुमनसाठी असायचे. ती ते बाल्कनीत नेऊन भाजायची आणि वासानं आमची घरभर पळापळ व्हायची. शिरीष नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "सर, तुम्ही आम्हाला बिल्डिंगमधून काढणार." सर आणि सुमन बाल्कनीच्या दारात उभं राहून भाकरीबरोबर बोंबील खायचे, आणि त्या उन्हात, धुळीत दोघं फार खुशीत असायचे. टेबलाशी सुमननं पाणी आणलं की सर उठून उभे राहून पेला घ्यायचे. दर वेळी तेच विचारायचे. "सुमनताई, आई कशी आहे? गावाला कधी गेला होतात?"

शेवटचं गावाला जाऊन तिला पावणेतीन वर्षं झाली होती. रजा ठरायची आणि पुढे जायची. आधी इराची परीक्षा, मग सासूबाई तीन महिने राहायला आल्या, मग शिरीषच्या गुडघ्याचं ऑपरेशन. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. शुक्रवारी चारच्या सुमारास भांडी झाली की सुमन ओट्यावर फोन ठेवून आईशी बोलायची. म्हातारीला दिसायचं बंद झालं होतं, आवाजावरून ओळखायची. फोन लाऊडस्पीकरवर, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

"कवा येतीस गं?"

"पुढच्या महिन्यात, आये."

हे दर शुक्रवारी. ऐकून ऐकून मला त्यात काही वाटेनासं झालं होतं.

त्या पाच दिवसांच्या धड्यानंतरचा शुक्रवार. पानं वाढून झाली होती. इरानं अचानक विचारलं, "आई, सुमनमावशीचा पासपोर्ट व्हेअर इज इट?"

"लॉकरमध्ये," मी म्हणाले. "सगळ्यांचेच तिथे आहेत. आपले पण."

"बट व्हाय?"

"सेफ राहतो म्हणून," शिरीष म्हणाला. "आणि ती घरचीच आहे ना."

सरांनी हातातला घास खाली ठेवला. खिशावर हात नेला, पण या वेळी "आहे" म्हणाले नाहीत. "इथल्या कायद्यातही तो तिच्याकडेच असायला हवा," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल."

"अहो सर, ती काय मागतेय का? सुमन, तुला हवाय का पासपोर्ट?" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"नको वहिनी. मी काय करू त्याचं," सुमन आतून म्हणाली.

मी सरांकडे बघितलं, म्हणजे बघा, अशा अर्थानं. सर म्हणाले, "तुमचे तिघांचेही लॉकरमध्येच आहेत, खरं आहे. किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली शिरीषच्या कीचेनला असायची, गाडीच्या किल्लीबरोबर. त्यानं ती खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि हसत म्हणाला, "ही घ्या, जप्त करा." सर हसले नाहीत. बाहेर सकाळपासून वारा सुटला होता आणि काचेपलीकडे सगळं पिवळट दिसत होतं. जेवण झाल्यावर निघताना त्यांनी बोंबलाच्या रिकाम्या पुडीच्या कागदावर आपला नंबर लिहिला, हिरव्या शाईत, मोठ्या आकड्यांत, आणि सुमनच्या हातात दिला. "फ्रिजवर लावा, सुमनताई." तिनं तो खरंच मॅग्नेटखाली लावला. मला तो रोज दिसायचा आणि रोज थोडासा रागही यायचा.

बकरी ईदच्या सुट्टीत आम्ही तिघं चार दिवस इस्तंबूलला गेलो. परत आल्यावर पहिलं काम सुमनचं तिकीट काढायचं, हे ठरलेलं होतं. हे सांगून आता काही उपयोग नाही, पण ठरलेलं होतं. निघताना मी तिला म्हणाले, झाडांना पाणी घाल आणि मस्त आराम कर. शिरीषनं गाडी विमानतळाच्या पार्किंगला लावली आणि किल्ल्या खिशात टाकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोटीत होतो. सरांचा फोन आला. सुमनच्या आईला पहाटे झटका आला होता, साताऱ्याला दवाखान्यात नेली होती, डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. सुमननं आम्हाला फोन केला नव्हता. तुमची सुट्टी खराब होईल म्हणून, असं तिनं नंतर सांगितलं. तिनं फ्रिजवरचा नंबर लावला होता आणि सर वीस मिनिटांत आमच्या घरी पोचले होते.

"संध्याकाळच्या मुंबईच्या फ्लाइटला एक सीट आहे," सर म्हणाले. "तिकीट मी काढतो. पासपोर्ट लॉकरमध्ये आहे ना?"

मी शिरीषकडे बघितलं. त्यानं खिशात हात घातला, आणि किल्ल्यांचा आवाज मला बोटीच्या इंजिनवरही ऐकू आला.

"सर, किल्ली आमच्याकडे आहे," मी म्हणाले.

"मला वाटलंच," सर म्हणाले. "मग लॉकर फोडावा लागेल. बाजारातला एक कुलूपवाला मी बरोबर आणलाय. पण मी माझ्या मनानं फोडला तर उद्या कुणीतरी आळ सुमनताईंवर घेईल. म्हणून तुम्ही फोनवर हो म्हणा. तेवढंच हवंय."

शिरीषनं फोन माझ्या हातातून घेतला. लॉकरमध्ये माझ्या आईच्या पाटल्या होत्या, पुण्याच्या फ्लॅटचे कागद होते. मला ते सगळं दिसलं. शिरीषलाही दिसलं असणार. "सर, ऐका ना," तो म्हणाला, "ऑफिसं सगळी बंद, अनोळखी माणूस घरात, उगाच कॉम्प्लिकेशन. उद्या इव्हिनिंगला आम्ही लँड होतोय. एक दिवसाचा प्रश्न आहे. परवा सकाळचं तिकीट मी आत्ता बुक करतो, माझ्या पैशानं."

"एक दिवस," सर म्हणाले.

"बाबा, से येस," इरा म्हणाली. "जस्ट से येस."

फोन स्पीकरवर होता. माझ्याकडे सगळे बघत होते. मी हो म्हणाले असते तर शिरीषनं ऐकलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पाण्याकडे बघत राहिले.

"बरं," सर म्हणाले. वर्गात नावं लिहून झाल्यावर म्हणायचे तसंच. आणि फोन ठेवला.

सर ते दोन्ही दिवस सुमनपाशी येऊन बसत होते. त्यांनी तिलाही विचारलं होतं, तुम्ही सांगा, फोडू का? ती म्हणाली होती, नको, वहिनींचं कपाट हाय. मग ती कपाटासमोर खाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला म्हातारी गेली. संध्याकाळच्या त्या विमानात सुमन बसली असती तर सकाळी आईच्या उशाशी असती, आणि आईला तिचा आवाज ओळखू आला असता. भावानं तीनदा फोन करून विचारलं, पासपोर्ट मिळाला का? उन्हाळ्याचे दिवस, किती थांबणार. सूर्य मावळताना त्यांनी अग्नी दिला. त्या वेळी आमचं विमान बहारीनला उतरत होतं.

शिरीषनं लॉकर उघडला. सगळं जसंच्या तसं होतं. मी पाटल्यांचा डबा उचलला आणि खालचा पासपोर्ट काढून सुमनला दिला. ती रडली नाही. "तुमाला धावपळ झाली," एवढंच म्हणाली. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. मी तिला चहा करून दिला.

सकाळी तिला सोडायला निघालो. इरा आली नाही. सुमनला मिठी मारून तिनं खोलीचं दार लावून घेतलं होतं. शिरीष गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे सुमन आणि सर. सर बोलायला लागले ते सुमनशी. आम्ही ऐकतोय की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"माझी आईपण इथेच होती, सुमनताई. मुंबईच्या एका कुटुंबाकडे, मुलं सांभाळायला. चांगली माणसं. दर नाताळला मला पेन पाठवायची. तिचा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत असायचा, हरवू नये म्हणून. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा बाबा गेले. ती मंडळी लंडनला होती, किल्ली त्यांच्याबरोबर. आई आठ दिवसांनी आली. मी तिच्याशी बरेच दिवस बोललो नाही. मला वाटायचं, तिला यायचं नव्हतं." मग जरा वेळानं, "ती माणसंही रडली होती म्हणे. आईनं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत."

"चांगलीच असत्याल," सुमन म्हणाली.

शिरीषनं एसी वाढवला. गाडी मुहर्रकच्या पुलावर चढली.

विमानतळाच्या हॉलमध्ये सुमननं बॅग दिली, बोर्डिंग पास घेतला आणि आमच्यापाशी परत आली. तिच्या एका खांद्यावर पर्स, एका हातात इरानं दिलेली पिशवी. तिनं पासपोर्ट आणि पास माझ्यापुढे धरला.

"हे ठेवा वहिनी," ती म्हणाली. "माझ्याकडनं हरवंल."

मी हात पुढे केला. अगदी सवयीनं केला, आणि पासपोर्ट माझ्या हातात आला. तेव्हा मला कळलं की मी काय घेतलंय. चार वर्षांपूर्वी याच विमानतळावर, अशाच एका खांबापाशी, मी घेतला होता तसाच. ती परत येणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरी तिनं दिला होता. मला तो परत कसा द्यायचा ते सुचेना.

सर पुढे झाले. त्यांनी आपल्या खिशातलं प्लास्टिकचं पाकीट बाहेर काढलं, त्यातला आपला पासपोर्ट काढला, आणि रिकामं पाकीट सुमनपुढे धरलं. गुंडाळलेली काळी दोरी सुटून लोंबत होती. "याच्यात घाला, सुमनताई. तुम्हीच घाला." सुमननं माझ्या हातातून पासपोर्ट घेतला. पाकिटात सरकवला, दोरी गळ्यात अडकवली आणि पाकीट पदराखाली घेतलं. एकदा वरून हात लावून बघितलं.

"आहे?" सरांनी विचारलं.

"हाय," ती म्हणाली, आणि आत गेली.

सर आमच्याबरोबर गाडीत आले नाहीत. बसनं जातो म्हणाले. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी उरलेली रजा टाकली होती, आणि जून संपायच्या आत ते वसईला गेले. नववीच्या वर्गातल्या कपाटात चार वस्तू तशाच राहिल्या होत्या. भाताला किडे लागले म्हणून शिपायानं ते टाकून दिलं. त्या सकाळी विमानतळावर मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. पांढऱ्या शर्टाच्या पातळ खिशात पासपोर्ट आता उघडाच होता, कापडातून त्याचा निळा रंग दिसत होता. काचेचं दार सरकलं, बाहेरची गरम धूळ आत आली. सर खिशावर हात धरून बसस्टॉपच्या दिशेनं निघून गेले. शिरीष म्हणाला, चल. त्याच्या हातात किल्ल्या होत्या.